दुसरा आरोपी

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा 'स्त्री-पुरुष तुलना' हा निबंध १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापला गेला. पाने ५२, प्रती ५००, किंमत नऊ आणे. त्यानंतर त्यांचे दुसरे पुस्तक निघाले नाही, त्यांनी संस्था काढली नाही, की कुठल्या सभेत भाषण केले नाही. एवढ्या भांडवलावर त्यांना समाजसुधारणेच्या चळवळीत जागा द्यायची का, असा प्रश्न चळवळीत हयात घालवलेली माणसे विचारतात. तो हसून सोडून देण्यासारखा नाही. म्हणून तो इथे एका कार्यकर्त्याच्या तोंडी, त्याच्या पूर्ण जोरासह मांडला आहे. उत्तरे माझी आहेत. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' संवादरूपातच लिहिली. वाद समोरासमोर बसून घालायची ही रीत या चळवळीच्या घरचीच आहे.

कार्यकर्ता: ताई, माझा आक्षेप आधीच सांगून टाकतो. चळवळ म्हणजे माणसे जोडणे, जागा मिळवणे, पैसा उभा करणे, लोकांचे बोल खाणे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच कामाला लागणे. सावित्रीबाईंनी १८४८ पासून शाळा चालवल्या, अंगावर शेणमाती झेलली, निराधार विधवांची बाळंतपणे केली आणि १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णसेवा करताना जीव गमावला. पंडिता रमाबाईंनी १८८२ मध्येच, म्हणजे ताराबाईंच्या निबंधाच्याच वर्षी, पुण्यात आर्य महिला समाज काढला, शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर कमिशनपुढे साक्ष दिली आणि पुढे १८८९ मध्ये मुंबईला शारदा सदन उघडले. ही कामे मोजता येतात. त्या सदनात शिकलेल्या गोदूबाई १८९३ साली पुनर्विवाह करून धोंडो केशव कर्व्यांच्या घरात आल्या. म्हणजे एका कामातून पुढचे काम उभे राहिले. ताराबाईंच्या हातून असे काय झाले? वर्तमानपत्रातला मजकूर वाचून त्यांना संताप आला आणि तो त्यांनी कागदावर उतरवला. पुस्तक फारसे कुणी वाचले नाही, पुढे तर ते विसरलेच गेले. मी त्यांना लेखिका म्हणेन, खणखणीत लेखिका म्हणेन. पण सुधारक कशा?

लेखिका: भाऊ, संताप कशाचा होता, तिथूनच सुरुवात करू. सुरत जिल्ह्यातल्या ओलपाडची विजयालक्ष्मी ही ब्राह्मण घरातली तरुण विधवा. तिला दिवस राहिले, ती बाळंत झाली आणि बदनामीच्या भीतीने तिने बाळाचा जीव घेतला. १८८१ साली तिच्यावर खटला चालला. सत्र न्यायालयाने फाशी सुनावली, अपिलात फाशीची जन्मठेप झाली आणि पुढे ती शिक्षाही कमी करण्यात आली. वर्तमानपत्रांत या प्रकरणावर बरेच लिहून आले आणि 'पुणे वैभव'सारख्या पत्राने या एका बाईच्या निमित्ताने सगळ्या स्त्रीजातीला धारेवर धरले. ताराबाईंनी लेखणी उचलली ती त्या मजकुरावर. आता त्या खटल्याकडे नीट बघा. दिवस कुणालाही एकटीला राहत नाहीत. या घटनेत निदान दोन माणसे होती, तरी आरोपीच्या पिंजऱ्यात एकच उभे होते. दुसऱ्याला न्यायालयाने बोलावले नाही. ताराबाईंचा निबंध पिंजऱ्यातल्या त्या रिकाम्या जागेबद्दल आहे. निबंधाच्या लांबलचक नावातच त्यांनी विचारले आहे की स्त्रिया आणि पुरुष यांत साहसी कोण. आजचा वाचक इथे हमखास चुकतो. 'साहसी' म्हणजे धाडसी, असे समजून तो हे पुस्तक स्त्रियांच्या शौर्यकथांचे असेल अशा अपेक्षेने उघडतो. पण जुन्या अर्थाने साहस म्हणजे मागचापुढचा विचार न करता, जबरदस्तीने केलेले दुष्कृत्य. मनुस्मृतीत वादाच्या अठरा विषयांची यादी आहे, तिच्यात 'साहस' हा एक स्वतंत्र गुन्हा आहे. संस्कृत सुभाषितांनी स्त्रीला साहसाचे घर ठरवून ठेवले होते. बुलढाण्याची ही बाई तोच आरोप उचलते, तराजूत टाकते आणि दुसऱ्या पारड्यात पुरुषांची कृत्ये एकेक करून ठेवते. नाव 'तुलना' आहे ते उगाच नाही. याला केवळ संतापाची वाफ म्हणता येणार नाही. अर्धवट चाललेला खटला त्यांनी पुन्हा उभा केला.

कार्यकर्ता: पण हाच खटला जोतीरावांनी वीस वर्षे आधी हाती घेतला होता, आणि हातानेच घेतला होता. काशीबाई नावाची विधवा त्यांच्या स्नेह्याच्या, गोवंड्यांच्या, घरी स्वयंपाक करायची. तिच्याकडून असेच घडले आणि तिला जन्मठेपेवर अंदमानला पाठवले. जोतीराव-सावित्रीबाईंनी त्यावर निबंध लिहिला नाही. १८६३ साली आपल्या राहत्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि ब्राह्मण वस्तीत भिंतींवर जाहिराती लावल्या. १८८४ पर्यंत ३५ विधवा तिथे येऊन बाळंत झाल्या, हे जोतीरावांनीच बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवरच्या मलबारींच्या टिपणांवर मत देताना लिहून ठेवले आहे. पस्तीस बाया वाचल्या, ताई. निबंधाने किती वाचवल्या?

लेखिका: एकही वाचवली असेल असे मी सांगू शकत नाही. त्या पस्तीस बायांपुढे मीही मान लववते. पण त्या घराचे काम कशावर चालत होते ते पाहा. गुपचूप या, बाळंत व्हा, मूल न्यावेसे वाटले तर न्या, नाहीतर ठेवून जा. तुमची वाच्यता होणार नाही. ही हमी नसती तर एकही विधवा त्या दाराशी आली नसती. तिथे मुलाचा बाप कोण, हे विचारण्याची सोयच नव्हती, आणि विचारायला नको होते. तोंड मिटून राहणे हाच त्या दयेचा पाया होता. म्हणजे काशीबाईच्या प्रकरणातून जे उभे राहिले, ते बाईला जीव वाचवण्यासाठी जागा देणारे घर होते, आणि तिला तिथवर आणून सोडणाऱ्या पुरुषाबद्दल त्या घराला बोलता येत नव्हते. विजयालक्ष्मीच्या प्रकरणातून जे उभे राहिले, त्याला मात्र फक्त बोलताच येत होते. ही दोन कामे एकमेकांची जागा घेत नाहीत, भाऊ. पहिले नसते तर बाया मेल्या असत्या. दुसरे नसते तर सुधारणेचा सगळा विषय 'बिचाऱ्या विधवेचे काय करायचे' एवढ्यावरच अडून राहिला असता. विधवेचे काय करायचे हा प्रश्न दयाळू आहे, पण तो विचारणारा स्वतःला त्या प्रश्नाच्या बाहेर ठेवतो. ताराबाईंनी त्याला आत ओढले. माझा मुद्दा एवढाच आहे आणि मी तो सोडणार नाही: सुधारायचे कुणाला, हे ज्यांनी बदलले, त्यांनी चळवळीतच काम केले.

कार्यकर्ता: तुम्ही कायद्यावर अन्याय करता आहात. इंग्रजांच्या कायद्यात बापाला अगदीच मोकळे सोडले नव्हते. अनौरस मुलाच्या पोटगीसाठी बापावर हुकूम काढण्याचा अधिकार फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याने मॅजिस्ट्रेटला दिला होता. विधवांना पुनर्विवाहाचा कायदा १८५६ मध्येच मिळाला होता. शिवाय विजयालक्ष्मीची फाशी टळली ती कुणाला तरी तिची कणव आली म्हणूनच ना?

लेखिका: पोटगीची तरतूद होती, आणि तुम्ही ती काढलीत हे बरे केलेत. ती वापरायची कशी, एवढाच प्रश्न आहे. मूल जगले पाहिजे, आईने ते उघडपणे कडेवर घेऊन कचेरीत उभे राहिले पाहिजे आणि मॅजिस्ट्रेटपुढे बापाचे नाव उच्चारले पाहिजे. जी बाई ही गोष्ट जगापासून लपवण्यासाठी पोटच्या पोराच्या गळ्याला हात लावते, तिने गावासमोर अर्ज करावा अशी अपेक्षा तो कायदा करत होता. आता दंड संहितेकडे या. १८६० च्या त्या संहितेत खुनाला शिक्षा आहे, गर्भपाताला आहे आणि तो करून घेणाऱ्या बाईलाही आहे, मेलेले अर्भक गुपचूप पुरून जन्म लपवला तर त्यालाही आहे. या सगळ्या कलमांच्या वाटा बाईच्या दारापाशी येऊन थांबतात. पुरुषासाठी व्यभिचाराचे ४९७ वे कलम होते, पण ते परक्याच्या बायकोशी संबंध ठेवल्याबद्दल होते. त्यात दुखावला जातो तो तिचा नवरा. विधवेला नवराच नाही. मग तिच्याशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषाने गुन्हा कुणाचा केला? कायद्याच्या नजरेत कुणाचाच नाही. ही पळवाट म्हणून कुणी शोधून काढलेली नव्हती. बाई ही कुणाच्या तरी मालकीची असते, हे गृहीत धरून कायदा लिहिला की मालक मेलेल्या बाईच्या वाट्याला हेच येणार. १८५६ च्या पुनर्विवाहाच्या कायद्यानेही लग्नाची परवानगी देताना दुसऱ्याच कलमात तिचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क काढून घेतला. फाशी टळली हे चांगलेच झाले. पण दया ही दोषी ठरलेल्यालाच दाखवली जाते. विजयालक्ष्मीला दया मिळाली याचा अर्थ दोष तिचा एकटीचा होता हे सगळ्यांनी कबूल केले. ताराबाई दया मागत नाहीत. निबंधभर त्यांनी दयेसाठी पदर पसरलेला नाही, आणि त्या काळच्या स्त्रीविषयक लिखाणात ही गोष्ट किती दुर्मिळ आहे हे ज्यांनी ते लिखाण चाळले आहे त्यांना ठाऊक आहे.

त्या काय विचारतात तेही जवळून पाहण्यासारखे आहे. नवरा मेला की बाईचे केस काढायचे, कुंकू पुसायचे, तिला मंगल कार्यातून उठवायचे आणि तिचे तोंड पाहणे अशुभ मानायचे. मग बायको मेली की नवऱ्याची दाढीमिशी काढून त्याला रानात का धाडत नाहीत? सावित्री नवऱ्याच्या प्राणासाठी यमाच्या मागे गेली ही कथा बायकांना व्रत म्हणून सांगतात. एखादा नवरा बायकोसाठी त्या वाटेला लागल्याची कथा का ऐकू येत नाही? पतीला देव मानायचे तर त्याने देवासारखे वागायला नको का? वाचायला हे प्रश्न साधे, बायाबायांच्या बोलण्यातले वाटतात, आणि त्यांची धार तिथेच आहे. शास्त्री शास्त्राने वाद घालत होते, सुधारक त्याच शास्त्रातून अनुकूल वचने शोधत होते. १८७० मध्ये पुण्यात पुनर्विवाहावर जो मोठा शास्त्रार्थ झाला तो असाच, वचनाविरुद्ध वचन ठेवून झाला आणि निकाल सुधारकांच्या विरुद्ध गेला. ताराबाई वचन शोधायला जात नाहीत. त्या नियम उलटा फिरवतात आणि तो पुरुषाच्या अंगाला लावून बघतात. जो नियम उलटा फिरवल्यावर हास्यास्पद ठरतो, तो नियम न्यायाचा नाही, हे कळायला संस्कृत लागत नाही.

कार्यकर्ता: मान्य, युक्तिवाद चोख आहे. पण त्या सुधारकांनाही झोडतात, हे मला खटकते. सभा भरवतात, भाषणे करतात, घरी जाऊन झोपतात, असा त्यांचा रोख आहे. विष्णुशास्त्री पंडित, रानडे, लोकहितवादी यांनी या पायी बहिष्कार सोसले. बुलढाण्याला घरात बसून त्यांना बोल लावणे सोपे होते. आपल्याच बाजूच्या माणसांवर असा हल्ला केल्याने चळवळ दुबळी होते, हे आम्ही वेळोवेळी पाहिले आहे.

लेखिका: 'घरात बसून' हा शब्द तुम्ही सहज वापरलात, पण तिथेच थोडे थांबू. ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते, सत्यशोधक वर्तुळातले होते, म्हणून मुलगी वाचू-लिहू शकली. पण घर कुलीन मराठ्याचे. इतर बऱ्याच ब्राह्मणेतर जातींत पाट लागत होता, विधवेला दुसरा संसार मिळत होता. मराठ्यांच्या वरच्या घरांत ना पाट, ना उंबऱ्याबाहेर मोकळे पाऊल. आपण मराठ्यांच्या चार भिंतींत कोंडलेली बाई आहोत, असे त्या स्वतःच सुरुवातीला सांगतात. सभेला जायचे तर तिथे बाईला जागा नव्हती. संस्था काढायची तर उंबरा ओलांडायला हवा. ज्या बाईला सभा बंद, तिला सभेत न आल्याबद्दल तुम्ही गुण कापता. तिला उपलब्ध असलेली एकच सार्वजनिक जागा होती, छापील पान. तिने ती घेतली, स्वतःच्या नावाने घेतली.

सुधारकांवरच्या हल्ल्याचे म्हणाल तर तो करायला कारण होते. विधवाविवाहाच्या बाजूने उभे राहिलेल्या रानड्यांची पहिली पत्नी १८७३ मध्ये वारली. मित्रांना वाटले, आता ते विधवेशी लग्न करतील. वडिलांच्या शब्दाखातर त्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. ही मुलगी पुढे रमाबाई रानडे झाली, सेवासदनासारखे मोठे काम तिच्या हातून झाले, आणि रानड्यांनी तिला शिकवण्यात घरातल्या बायकांचा रोष पत्करला, हे सगळे खरे आहे. त्यांच्या मनाची ओढाताण मी हलकी लेखत नाही. पण त्या वर्षी रस्त्यावरच्या साध्या विधवेला काय दिसले असेल? सभेत एक ठराव, घरात दुसरा. विष्णुशास्त्री पंडितांनी पुढे स्वतः विधवेशी लग्न केले, म्हणून त्यांच्या शब्दाला वेगळे वजन आले. ताराबाईंचा वार अशा सुधारणेवर आहे जी घराच्या उंबऱ्यापाशी चपलांबरोबर काढून ठेवली जाते. आपल्याच बाजूची माणसे होती म्हणून तर तो वार करायचा. सनातन्यांनी वचन मोडले नव्हते, कारण त्यांनी वचन दिलेच नव्हते.

कार्यकर्ता: मग त्यांच्या लिखाणातल्या उणिवाही मांडा. त्या राणीच्या सरकारचे आभार मानतात. वेश्यांबद्दल त्यांचे शब्द कठोर आहेत. संसार मोडा, नवऱ्याला सोडा, असे त्या कुठे म्हणत नाहीत. चांगल्या नवऱ्याची चांगली बायको हेच त्यांचे चित्र आहे. जातीचा प्रश्न तर बाजूलाच राहतो. सत्यशोधकांच्या घरात वाढलेल्या बाईकडून याहून जास्त अपेक्षा होती. त्यांच्या सत्तावीस वर्षे आधी, १८५५ मध्ये, जोतीरावांच्या शाळेतल्या मुक्ताबाई या चौदा वर्षांच्या मातंग मुलीने 'ज्ञानोदया'त मांग-महारांच्या दुःखाविषयी जो निबंध लिहिला, त्यात जात आणि बाईपण दोन्ही आहेत. तिथली बाळंतीण उघड्यावर बाळंत होते. ताराबाईंची विधवा निदान छपराखाली आहे.

लेखिका: यातले जवळजवळ सगळे मी मान्य करते. मुक्ताबाईंच्या निबंधात जे दुःख आहे ते ताराबाईंना दिसले नाही. त्यांची नजर आपल्या उंबऱ्याच्या आतल्या आणि त्याहून वरच्या घरांवर होती. वेश्येला वेश्या कुणी केले, हे त्या विचारतात, पण तिच्याबद्दलची तिडीक त्यांना टाकता आलेली नाही. सरकारचे आभार त्या मानतात कारण मुलींच्या शाळा त्या सरकारच्या काळात निघाल्या. त्याच सरकारच्या अमलात देशी धंदे बुडाले आणि आपले पुरुष इंग्रजी पोशाखावर भाळले, हेही त्या म्हणतात, पण या दोन गोष्टींची गाठ त्यांच्याकडून बांधली जात नाही. 'पहिली स्त्रीवादी' असा शिक्का त्यांच्यावर मारण्याची घाई मला म्हणूनच पटत नाही. तो शिक्का मारला की पुस्तक वाचायची गरज संपते आणि जयंतीला हार घालायचे काम तेवढे उरते.

तरी एक गोष्ट उणिवांमध्ये मोजू नका. संसार मोडा असे त्या म्हणत नाहीत, ही मला माघार वाटत नाही. त्याच वर्षी पंडिता रमाबाईंचे 'स्त्रीधर्मनीति' प्रसिद्ध झाले. चोवीस वर्षांची ती विदुषी त्या पुस्तकात स्त्रियांना सांगते की शिका, आळस झटका, आपली उन्नती आपणच करा. उपदेश मोलाचा आहे, पण बोलणे स्त्रीशी आहे: दुरुस्त व्हायचे ते तिने. ताराबाईंचे बोलणे पुरुषांशी आहे. एकाच वर्षी, एकाच शहरातून आलेली ही दोन पुस्तके शेजारी ठेवली की दिशेतला फरक स्वच्छ दिसतो. पाच वर्षांनी, १८८७ मध्ये, अमेरिकेतून इंग्रजीत उच्चवर्णीय हिंदू स्त्रीबद्दल लिहिताना रमाबाईंनीही शास्त्रे आणि ती लिहिणारे पुरुष यांनाच जाब विचारला. तोवर त्यांनी वैधव्य भोगले होते, पुण्याची सभ्य सुधारणा जवळून पाहिली होती. जिथे पोचायला रमाबाईंसारख्या जगप्रवास केलेल्या पंडितेला पाच वर्षे लागली, तिथे ताराबाई बुलढाण्यातून, संसाराच्या चौकटीतच उभ्या राहून, १८८२ मध्ये पोचल्या होत्या. रमाबाईंचे मोठेपण याने कमी होत नाही. ताराबाईंना किती लवकर आणि किती सरळ दिसले, हे मात्र कळते.

कार्यकर्ता: दिसले असेल, ताई, पण ते पुढे कुणाला दिसले? पाचशे प्रती. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये निबंध पुन्हा छापला तेव्हा लोकांना कळले की अशी एक बाई होती. मधली त्र्याण्णव वर्षे या पुस्तकाचा चळवळीला काय उपयोग झाला? जे बी उगवलेच नाही, त्याला तुम्ही पीक म्हणता.

लेखिका: उगवलेच नाही, हे मला मान्य नाही. निबंधावर टीका झाली, आणि ती परक्यांकडूनच झाली असे नाही. तेव्हा १८८५ मध्ये जोतीरावांनी 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली आणि त्यांचा उल्लेख 'चिरंजीविनी' असा केला. हा शब्द घरच्या लेकीसाठी वापरायचा आहे. चळवळीच्या मुख्य माणसाने, चळवळीच्या पत्रातून, हिचे म्हणणे आमचे म्हणणे आहे असे सांगितले. तुम्ही विचारत होता ना, चळवळीत त्यांना जागा कुणी दिली? त्या वेळी जागा देण्याचा अधिकार ज्याला होता, त्यानेच दिली. त्यानंतर काय झाले ते तारखांच्या क्रमाने पाहा. १८८७ मध्ये सत्यशोधक विवाहविधी छापला गेला. त्यातल्या मंगलाष्टकांत वधू स्त्रियांच्या हक्काची मागणी करते आणि वर ते हक्क देण्याचे वचन देतो. शपथ पुरुषाने घ्यायची. जोतीरावांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' निघाले. पुरुष दोन-तीन बायका करतो, तसे बाईने दोन-तीन नवरे घरात आणले तर चालेल का, असा सवाल त्यात आहे. नियम उलटा फिरवून पुरुषाच्या अंगाला लावून पाहण्याची हीच ती रीत. जोतीरावांनी ती ताराबाईंकडून उचलली असे मी म्हणत नाही; तसा पुरावा माझ्यापुढे नाही, आणि जोतीराव स्वतःच्या बुद्धीने तिथे पोचू शकत होते. पण दोघांनी एकच प्रश्न विचारला, ताराबाईंनी आधी विचारला, आणि जोतीरावांनी त्यांचा निबंध वाचून उघडपणे उचलून धरला, एवढे निश्चित आहे.

आता विस्मरणाबद्दल. पुस्तक विसरले गेले हा पुस्तकाचा दोष ठरवण्यापूर्वी विसरणारे कोण होते ते पाहू. मराठी गद्याचा इतिहास लिहिणाऱ्यांनी चिपळूणकरांची 'निबंधमाला' जपली, कारण ती वाचणाऱ्यांच्या घरात ग्रंथसंग्रह होते, शाळाखाती आणि विद्यापीठे त्यांच्या हाती होती. वऱ्हाडातल्या एका मराठा बाईच्या बावन्न पानांसाठी असे घर नव्हते. त्यांना मूलबाळ नव्हते, नवरा घरजावई होता, वडिलांनंतर त्यांचे कागद सांभाळायला कुणी नव्हते. ज्या समाजाने आरोपीच्या पिंजऱ्यातली दुसरी जागा रिकामी ठेवली, त्याच समाजाने ती जागा दाखवणारे पुस्तकही नाहीसे होऊ दिले. आणि तरी मालशांना ते सापडले, १९९४ मध्ये रोझलिंड ओ'हॅन्लन यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर सविस्तर प्रस्तावनेसह प्रसिद्ध केले, आणि १९७५ नंतरच्या महाराष्ट्रातल्या स्त्री चळवळीला आपली आजी सापडली. शाळेचा उपयोग पट पाहून कळतो. विचाराचा उपयोग मोजायला कधीकधी शंभर वर्षांचा हिशेब मांडावा लागतो.

कार्यकर्ता: शंभर वर्षांनी तरी काही बदलले का? मला अजूनही वाटते, ताई, की काम करणाऱ्यांच्या रांगेत त्या थोड्या मागेच उभ्या राहतील.

लेखिका: रांग लावायची असेल तर सावित्रीबाई पुढे, यात वादच नाही. मी रांगच मोडायला सांगते आहे. काय बदलले, याचे उत्तर मात्र आपल्याच राज्यातले देते. कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला: नवरा वारल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचे नाही, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत, तिला कार्यक्रमांतून वगळायचे नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरवायला सांगितले. हेरवाडच्या लोकांचे हे काम मोठे आहे आणि ते तुम्ही म्हणता तसे हातानेच केलेले काम आहे. पण १८८२ च्या निबंधातली विधवेच्या हालांची यादी आणि २०२२ च्या ठरावातली यादी शेजारी ठेवून बघा. केशवपन गळले आहे. बाकीचे बरेचसे जिथल्या तिथे आहे, एकशे चाळीस वर्षांनी. आणि ठराव करावा लागला तो विधवांबद्दल. बायको वारल्यावर नवऱ्याच्या अंगावरचे काय काढायचे नाही, याचा ठराव महाराष्ट्रातल्या कुठल्याही ग्रामसभेला करावा लागलेला नाही.

कार्यकर्ता: तुमच्या-माझ्या जिल्ह्यातही तो करायला हवा. विधवांबद्दलचा, म्हणतो मी.

लेखिका: हवाच, भाऊ. आणि ज्या दिवशी ती ग्रामसभा भरेल, त्या दिवशी ठराव वाचण्याआधी ताराबाईंच्या निबंधातली चार पाने गावातल्या पुरुषांसमोर मोठ्याने वाचा. पुस्तक आज बाजारात मिळते. मूळची बावन्नच पाने आहेत.